मासा किती वर्षं जगतो, प्रवाळ किती वर्षं जगतं? घरच्या टाकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी गेली वीस वर्षं मासे आहेत. सोसायटीत कुणाकडे नवी टाकी आली की पंधरवड्याच्या आत आमच्या दाराची बेल वाजते. दारात एखादं पोर रडवेलं होऊन उभं असतं, त्याच्या आईच्या हातात डबा असतो आणि डब्यात आडवा झालेला मासा. "ताई, याचं आयुष्यच एवढं होतं का हो?" बहुतेक वेळा मला सांगावं लागतं की नाही, याची अजून दहा वर्षं बाकी होती. खालचे प्रश्न अशाच दारात उभं राहून झालेल्या बोलण्यातून जमले आहेत.

गोल्डफिश नक्की किती वर्षं जगतो?

नीट सांभाळला तर दहा ते पंधरा वर्षं सहज जगतो, आणि वीस ओलांडणारेही असतात. इंग्लंडमध्ये १९५६ साली एका मुलाने जत्रेत जिंकलेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये मेला, तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. जिंकून आणणारा मुलगा तोवर पन्नाशीकडे आला होता.

यात एक फरक लक्षात ठेवा. लांबट अंगाचा, एकेरी शेपटीचा साधा गोल्डफिश सगळ्यात चिवट. गोलमटोल ओरांडा, र्‍युकिन किंवा डोळ्यांखाली फुगे असलेला बबल-आय यांची शरीरं माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून आखूड केलेली आहेत. आतडी आणि हवेची पिशवी कमी जागेत दाटलेली असल्यामुळे पोहताना तोल जाण्याचा त्रास त्यांना लवकर होतो, आणि त्यांचं आयुष्यही बहुधा कमी असतं.

मग आमचा दहा दिवसांत का मेला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. विष्ठा आणि न खाल्लेले दाणे कुजले की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो क्षणात पातळ होतो, पण काचेच्या पेटीत तो जाणार कुठे? जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या वाळूवर जिवाणूंचा थर जमलेला असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला जाळतात. नायट्रेट बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हा जिवाणूंचा थर बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

आपण काय करतो? शनिवारी टाकी आणतो, त्याच संध्याकाळी सहा मासे सोडतो आणि कौतुकाने दिवसातून चार वेळा दाणे टाकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी पांढुरकं, दुधाळ दिसायला लागतं. मासे पृष्ठभागाला तोंड लावून भराभर श्वास घेतात, कल्ल्यांच्या कडा लालबुंद होतात. मग घाबरून आपण रविवारी सगळी टाकी रिकामी करतो, दगड नळाखाली घासून धुतो, स्पंज पिळून स्वच्छ करतो. जे थोडे जिवाणू जमले होते तेही क्लोरीनच्या पाण्यात मरतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारपर्यंत मासा संपतो.

माझे पहिले दोन गोल्डफिश असेच गेले, नवव्या दिवशी. दुकानदाराने वाटीएवढा बाऊल, निळे खडे आणि दोन मासे एकत्र बांधून दिले होते आणि सांगितलं होतं, "रोज पाणी बदला, काही होत नाही." मी रोज बदललं. पाणी अगदी स्वच्छ होतं, आणि तरीही ते मेले. त्या नऊ दिवसांची बोच अजून आहे. हे पान लिहिण्यामागे तीही आहेच.

यावर उपाय आहे. टाकी भरा, फिल्टर चालू करा आणि महिनाभर थांबा. रोज चिमूटभर दाणे टाकत राहा म्हणजे जिवाणूंना खाद्य मिळेल. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला मळका स्पंजाचा तुकडा मागून आणा. विरजण लावतात तसंच आहे हे, तयार थर आयता मिळतो आणि दिवस वाचतात. अमोनिया तपासायचं किट मिळतं, ते घ्या. आकडा शून्यावर टिकला की मग मासे आणा, तेही एका वेळी दोन.

बाऊल अजिबातच नको का?

गोल्डफिशसाठी अजिबात नको. हा मासा घाण खूप करतो आणि वीतभर वाढतो. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत सुमारे १३० लिटर पाणी मावतं. दोन गोल्डफिशसाठी एवढी जागा तरी हवी. पाण्याचंच वजन १३० किलो होतं, त्यामुळे स्टँड भक्कम घ्या.

"बाऊलमध्ये मासा बाऊलपुरताच वाढतो" असं बरेच जण सांगतात. वाढ खुंटते हे खरं आहे. पण साचलेल्या घाणीमुळे खुंटलेली वाढ म्हणजे तब्येत नव्हे. असा मासा लहानही राहतो आणि लवकरही मरतो.

दुकानात दिसणाऱ्या बाकीच्या माशांचं आयुष्य किती?

गप्पी दोन-तीन वर्षं. मॉली, प्लॅटी साधारण तीन. झेब्रा तीन ते पाच, निऑन टेट्रा पाचच्या आसपास, टायगर बार्ब पाच ते सात. एंजल दहा वर्षांपर्यंत जातो. फ्लॉवरहॉर्न आठ-दहा, ऑस्कर दहा ते पंधरा. क्लाउन लोच वीसच्या पुढे जातो, हे दुकानात कुणी सांगत नाही, कारण तिथे तो बोटाएवढा असतो. अरोवाना पंधरा-वीस वर्षं. बंगल्याच्या हौदातला कोई पंचवीस ते पस्तीस.

दोन मासे मुद्दाम वेगळे सांगते. एक सकर. "काच साफ करतो" म्हणून बोटभर लांबीचा आणतात, आणि तो पंधरा वर्षं जगून फूट-दीड फूट होतो. दुसरा 'शार्क' म्हणून विकला जाणारा चंदेरी-करडा मासा. तो पंगासिअस आहे, खाण्यासाठी तळ्यात वाढवतात तोच. मीटरभर वाढणारा मासा दोन फुटांच्या टाकीत काचेवर नाक आपटून घेत राहतो. घरात ठेवायचा मासा नाहीच तो.

विकत घेण्याआधी दुकानात एकच प्रश्न विचारा: हा केवढा होतो आणि किती वर्षं जगतो? उत्तर मिळालं नाही तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या. मुलगी तिसरीत असताना आणलेला ऑस्कर ती कॉलेजला जाईपर्यंत असणार आहे. तेव्हा रोज त्याचं पाणी कोण बघणार, हे घरात आधी बोलून घ्या.

फायटर किती जगतो? आमचा वर्षातच गेला.

फायटरचं आयुष्य दोन ते चार वर्षं. पण लांब पंखांचा, रंग भरलेला नर दुकानात येतो तेव्हाच तो काही महिन्यांचा, पूर्ण वाढलेला असतो. म्हणजे तुमच्या वाट्याला साधारण दोन-अडीच वर्षं येतात. तो हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून त्याला चहाच्या ग्लासाएवढ्या डबीत विकतात. त्या डबीत तो तग धरतो एवढंच. पंधरा-वीस लिटरची झाकणाची टाकी, साधा स्पंज फिल्टर आणि थंडीच्या दिवसांत छोटा हीटर दिला तर हाच मासा ओळख दाखवायला लागतो, आपण जवळ गेलो की पुढे येतो. झाकण विसरू नका, तो उडी मारतो.

विहिरीत सोडतात ते गप्पी आणि दुकानातले गप्पी एकच का?

जात एकच. डासांच्या अळ्या खातात म्हणून आपल्याकडे आरोग्य खातं विहिरी, हौद, साचलेल्या डबक्यांत गप्पी सोडत आलं आहे. ते साध्या रंगाचे आणि काटक असतात. दुकानातले मोठ्या शेपटीचे गप्पी जवळच्या नात्यात पैदास करून तयार केलेले असल्यामुळे नाजूक. मादी महिन्या-सव्वा महिन्याला पिल्लं देते आणि तेवढीच लवकर थकते. नर-मादी वेगळे ठेवले तर मादी जास्त टिकते.

लहान मासे कमी जगतात आणि मोठे जास्त, असा नियम आहे का?

ढोबळमानाने हो, पण आकारापेक्षा मासा कशा जागी घडला याला जास्त महत्त्व आहे. आफ्रिकेत मोझांबिक आणि झिंबाब्वेच्या कोरड्या भागात पावसाळी डबक्यांत राहणारा टर्क्वाइज किलीफिश काही महिन्यांतच जन्म, वाढ, अंडी आणि म्हातारपण सगळं उरकतो. डबकं आटतं, मासे मरतात, अंडी सुकलेल्या चिखलात पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतात. टाकीत कितीही लाड केले तरी त्याचं आयुष्य फारसं वाढत नाही. एवढ्या झटपट म्हातारा होतो म्हणून वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत तो मुद्दाम पाळतात. प्रवाळांत राहणारा एक इवलासा गोबी तर ५९ दिवसांत संपतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत एवढं कमी आयुष्य दुसऱ्या कुणाचं नोंदलेलं नाही.

आणि जेमतेम बोटाएवढा क्लाउनफिश, मुलांचा निमो, समुद्रात तीस वर्षांपर्यंत जगू शकतो असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तो विषारी काट्यांच्या समुद्रफुलात राहतो. तिथे शिकारी फिरकत नाहीत, म्हणून सावकाश जगणं त्याला परवडतं.

माशाचं वय कसं ओळखतात?

घरी बघून ओळखता येत नाही. माशाच्या कानात ओटोलिथ नावाचे चुनखडीचे खडे असतात. झाडाच्या खोडात वर्तुळं दिसतात तशी त्यांवर वर्षावर्षाची वलयं बसतात. ती मोजायला मासा मेलेला लागतो. खवल्यांवरही वलयं दिसतात, पण म्हाताऱ्या माशांत ती फसवी ठरतात. जपानमधली हानाको नावाची कोई १९७७ मध्ये मेली तेव्हा ती २२६ वर्षांची होती, असं खवल्यांवरून सांगितलं गेलं. तुम्ही ही गोष्ट व्हॉट्सॲपवर वाचली असेल. बरेच तज्ज्ञ तो आकडा मानत नाहीत, आणि इतर कोईंची आयुष्यं बघता मलाही तो पटत नाही.

मत्स्यालयात सगळ्यात जास्त जगलेला मासा कोणता?

नोंदी पक्क्या आहेत त्या ऑस्ट्रेलियन लंगफिशच्या. शिकागोच्या शेड मत्स्यालयात 'ग्रँडडॅड' १९३३ मध्ये मोठ्या वयाचाच आला आणि २०१७ पर्यंत, चौऱ्याऐंशी वर्षं तिथे होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात 'मेथुसेला' ही मादी १९३८ मध्ये जहाजाने आली. २०२३ मध्ये तिच्या पराचा छोटासा तुकडा घेऊन डीएनएवरून वय काढलं, तेव्हा ते ब्याण्णवच्या आसपास निघालं, कदाचित शंभरच्या पुढेही असेल. तिला ताजी अंजिरं आवडतात आणि सांभाळणारे लोक ती हाताने भरवतात. एका माशाला चार पिढ्यांच्या माणसांनी भरवलं, हे मला फार मोठं वाटतं.

उन्हाळ्यात मासे जास्त मरतात. गरमीने आयुष्य कमी होतं का?

होतं. माशाच्या शरीराचं तापमान पाण्याएवढंच असतं. पाणी तापलं की त्याची सगळी चक्रं वेगाने फिरतात: भूक, श्वास, वाढ, झीज. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसात. गरज वाढते आणि पुरवठा घटतो. डिस्कस नावाचा मासा २९-३० अंशांत खूश असतो, पण गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तो अक्षरशः धापा टाकतो.

झाकण काढून जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा येईल असा ठेवा. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. कोकणात, मुंबईत दमट हवेमुळे फरक कमी पडतो. तिथे बर्फाची बंद बाटली तरंगत ठेवा, पण एकदम अख्खी टाकी गार करू नका. एअर पंप रात्रीही चालू राहू द्या.

लाईट गेली तर मासे किती वेळ तग धरतात?

टाकीत गर्दी नसेल तर काही तास. आमच्याकडे एका जुलैत संध्याकाळी गेलेली लाईट पहाटे आली. आई आणि मी आलटून पालटून दर दहा मिनिटांनी तांब्याने पाणी काढून वीतभर उंचावरून परत टाकीत ओतत बसलो. हवा मिसळायला एवढं पुरतं, एकही मासा गेला नाही. नंतर बॅटरीवरचा एअर पंप घेतला. लाईट नसताना दाणे टाकू नका. बाहेर बसवायचा बंद डब्यासारखा फिल्टर असेल आणि तो बराच वेळ बंद राहिला असेल, तर चालू करण्याआधी आतलं साचलेलं पाणी फेकून द्या, नाहीतर ती कुजकी घाण थेट टाकीत येते.

बोअरचं पाणी चालतं का?

कोणता मासा आहे त्यावर. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. गप्पी, मॉली, आफ्रिकन सिक्लिड त्यात उत्तम राहतात. निऑन, डिस्कस यांना ते सोसत नाही. नळाच्या पाण्याला अँटी-क्लोरीनचे थेंब घालायलाच हवेत. आठवड्याला टाकीचा चौथा हिस्सा बदला, सगळी टाकी कधीच नको. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. मनी प्लांटची मुळं पाण्यात सोडलीत तर ती नायट्रेट शोषून घेतात.

खायला किती घालायचं?

दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आठवड्यातून एक उपास मोठ्या माशाला चांगलाच. गावाला चार दिवस जाताना शेजाऱ्यांकडे डबा देऊ नका. मोजून पुड्या बांधून द्या, नाहीतर काहीच देऊ नका.

खाऱ्या पाण्याचे मासे घरी कितपत जगतात?

क्लाउनफिश टाकीत वीस वर्षांपर्यंत जगलेले आहेत. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदासही यशस्वी केली आहे. पैदास केलेलाच मासा मागा, समुद्रातून धरलेला नको. सगळे क्लाउनफिश आधी नर असतात. जोडीतला मोठा मादी होतो, आणि मादी मेली तर उरलेला नर काही काळाने मादी होतो.

मँडरिन हा मासा डोळे दिपवतो, पण तो दिवसभर खडकांवरचे सूक्ष्म जीव टिपत फिरतो. नव्या टाकीत ते संपतात आणि तो दोन-तीन महिन्यांत उपासमारीने मरतो, समोर दाणे पडलेले असताना. तो घेऊ नका. समुद्रघोडा तर भारतात कायद्याने संरक्षित आहे, त्याचा विचारही नको.

प्रवाळ हा प्राणीच का? मग तो मरतो कधी?

प्राणीच. तांदळाच्या दाण्याएवढ्या, काही जातींत त्याहून मोठ्या, तोंडाभोवती नाजूक हात असलेल्या एका जीवाला पॉलिप म्हणतात. एक पॉलिप दुभागून दोन होतात, दोनांचे चार होतात. सगळे एकमेकांना चिकटलेले राहतात आणि खाली चुन्याचा सांगाडा रचत जातात. ती सगळी वसाहत मिळून आपण 'एक प्रवाळ' म्हणतो.

आयुष्याचा हिशोब इथेच अवघड होतो. एकेक पॉलिप मरतो, त्याच्या जागी त्याचीच नक्कल उभी राहते. वसाहत शेकडो वर्षं तशीच चालू. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर 'मुगा धांबी' नावाचं पोराइट्स जातीचं प्रवाळ आहे. रुंदी १०.४ मीटर, उंची ५.३ मीटर, वय ४२१ ते ४३८ वर्षं. शिवाजी महाराजांचा जन्म झाला तेव्हा ते आधीच समुद्रतळाशी वाढत होतं. हवाईजवळच्या खोल समुद्रातलं एक काळं प्रवाळ तर ४,२६५ वर्षांचं निघालं. कॅरिबियन समुद्रात एल्कहॉर्न जातीच्या प्रवाळाचा एक वंश तुटून-रुजून पाच हजार वर्षांहून जास्त काळ टिकल्याचं जनुकांवरून दिसलं. फांदी तुटली, वाळूत रुतली, पुन्हा वाढली, जीव मात्र तोच. अशा जीवाचा वाढदिवस कुठून मोजणार?

माशाला म्हातारपण गाठतं. प्रवाळाच्या वसाहतीला मारणाऱ्या गोष्टी बहुधा बाहेरच्या असतात: वादळ, गाळ, रोग आणि आता सगळ्यात जास्त उष्णता.

प्रवाळाचं वय कसं मोजतात?

ड्रिलने दंडगोल काढून त्याची पातळ चकती कापतात आणि एक्स-रे घेतात. दाट आणि विरळ पट्टे दिसतात, दोन्ही मिळून एक वर्ष. ही खात्री १९७२ मध्ये पटली ती पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक बेटाजवळच्या प्रवाळांवरून. तिथे अमेरिकेने अणुचाचण्या केल्या होत्या आणि त्या वर्षांचा किरणोत्सारी कण सांगाड्यात अडकून बसला होता. चाचणीची तारीख माहीत, तिथून पुढचे पट्टे मोजले आणि वर्षांचा मेळ बसला. माणसाने केलेली हानी त्या जीवाने अंगात जपून ठेवली, आणि त्याच खुणेवरून आपण त्याचं वय शिकलो.

पोराइट्स वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं. फांद्यांचं ॲक्रोपोरा वर्षाला दहा सेंटिमीटरही वाढू शकतं.

टाकीत प्रवाळ किती टिकतं?

परदेशातल्या सार्वजनिक मत्स्यालयांत वसाहती दशकानुदशकं जगतात. तुकडा कापून दुसऱ्या टाकीत रुजवता येतो, त्यामुळे मूळ वसाहत गेली तरी वंश राहतो. पण पाणी रोज एकसारखं लागतं: २४ ते २७ अंश तापमान, क्षारता हजारी ३५ च्या आसपास, कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम. बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतं आणि अन्नातला मोठा वाटा तेच पुरवतं, म्हणून दिवेही तसेच लागतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक अंशाने जरी आठवडेच्या आठवडे तापलं तरी प्रवाळ हे शेवाळं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पांढरं पडलं म्हणजे लगेच मेलं असं नाही, ते उपाशी आहे. पाणी लवकर निवलं तर शेवाळं परत येतं.

भारतात घरी प्रवाळ ठेवणं कायदेशीर आहे का?

दगडी प्रवाळ, काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी-फॅन हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या अनुसूचीत आहे तिच्यातच. किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडाही शोभेसाठी घरी आणू नका. कुणी "लक्षद्वीपचा माल आहे" म्हणून जिवंत प्रवाळ विकत असेल तर तो गुन्हा आहे. तसंच, आशियाई अरोवाना पाळत असाल तर त्याची सरकारकडे नोंदणी लागते, खरेदीचे कागद जपून ठेवा.

मग प्रवाळ बघायचं कुठे?

आपल्या दाराशी आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहेत. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, पाण्याखालची प्रवाळांची मोठी पठारं. आणि मुंबईत हाजी अली, वरळीच्या खडकांवर, गढूळ पाण्यात, प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या शेजारी हाताच्या पंजाएवढी तपकिरी प्रवाळं आहेत. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये तिथल्या काही वसाहती उचलून दुसरीकडे हलवण्यात आल्या. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला जाणकारांबरोबर जा, वाकून बघा, हात लावू नका. काचेतल्या टाकीपेक्षा ते दर्शन मला जास्त भिडलं.

अंगठीतलं पोवळं हेच का?

त्याचं नातलग. रत्न म्हणून वापरतात ते लाल प्रवाळ प्रामुख्याने भूमध्य समुद्रातलं. त्याची जाडी वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही आणि वसाहत शंभर वर्षांहून जास्त जगू शकते. बोटातलं खरं पोवळं घडायला एका माणसाच्या उभ्या आयुष्याएवढा काळ लागलेला असू शकतो.

मासे सांभाळणं जमत नाही. तलावात सोडून देऊ का?

नका सोडू, कृपा करून. आपण दया म्हणून सोडतो आणि तो एक तर मरतो, नाहीतर तिथल्या माशांना मारतो. सकर मासा असाच आपल्या धरण-तलावांत पोहोचला आहे. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो, काटेरी अंगाने जाळी फाडतो आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. दुकानदाराला परत द्या, शाळेला विचारा, मासे पाळणाऱ्यांच्या गटात टाका. चार दिवस लागतील, पण घर मिळतं.

मासा म्हातारा झाला हे कसं ओळखायचं? तेव्हा काय करायचं?

माझी गोल्डफिश केशर २००९ मध्ये आली, बोटभर, नावासारखीच केशरी. दहाव्या वर्षी तिचा रंग पोटाकडून उतरायला लागला आणि दोन वर्षांत ती जवळजवळ पांढरी झाली. पाठीला किंचित बाक आला. एका डोळ्यावर दुधासारखा पडदा आला, मग त्या बाजूने दाणा टाकला तर तिला दिसत नसे. सकाळी दिवा लावला की आधी ती उसळून वर यायची. शेवटच्या वर्षी तळाशी बसून राहायची, मी काचेवर बोट टेकवलं की सावकाश उठायची.

अशा वेळी पाण्याची धार मंद करा, चपळ मासे वेगळे काढा, पाण्याची उंची थोडी कमी ठेवा म्हणजे वर यायला कष्ट पडत नाहीत. बुडणारे मऊ दाणे किंवा सोललेला उकडलेला मटार द्या. पाणी थोडं-थोडं पण जास्त वेळा बदला. औषधांचा मारा करू नका, म्हातारपणाला औषध नाही.

मासा उलटा पडून राहिला, खाणं सुटलं, कल्ले मात्र तडफडत हलताहेत असं दिवसच्या दिवस चाललं, तर त्याला शांतपणे जाऊ देणं हेही सांभाळण्यातच येतं. लवंग तेलाने त्याला गुंगी आणून पुढे वेदनेशिवाय मरण देता येतं. पशुवैद्याला विचारून, प्रमाण नीट समजून घेऊनच करा. जिवंत मासा संडासात सोडणं किंवा फ्रीजरमध्ये ठेवणं क्रूर आहे.

केशरला ते लागलं नाही. २०२२ च्या मार्गशीर्षात एका सकाळी ती फिल्टरच्या मागच्या कोपऱ्यात, तिच्या नेहमीच्या जागी, पडून होती. गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत तिला पुरलं. टाकी तशीच चालू ठेवली. आता तिच्यात केशरच्या शेवटच्या दिवसांत आणलेले दोन साधे गोल्डफिश आहेत. त्यांचं हे चौथं वर्ष.